सणाच्या दिवशीची पाळी : रुग्णवाहिका-सेवेच्या इतिहासाचा एक मागोवा

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रकाशित होत असलेल्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि कापड पेठेत गादीवर बसलो, एवढाच माझा परिचय. परंतु एका घटनेने या विषयाकडे माझे लक्ष वेधले व जमेल तसे वाचन घडले. त्याचे सार वाचकांपुढे ठेवीत आहे.

कापडाच्या धंद्यात दसरा ते भाऊबीज हा सुगीचा काळ. अशाच एका दिवाळीतील लक्ष्मीपूजनाची ती संध्याकाळ होती. वहीपूजन आटोपले, प्रसाद वाटून झाला आणि आमच्या दुकानाचे वयोवृद्ध मुनीमजी छातीवर हात ठेवून गादीवरच कलंडले. १०८ क्रमांकाची सेवा तेव्हा महाराष्ट्रात यावयाची होती. दोन गल्ल्यांपलीकडे एका धर्मादाय संस्थेची रुग्णवाहिका उभी होती. गाडी नवी, तिच्यावर दात्यांची नावे ठळक अक्षरांत रंगविलेली. मात्र चालक भाऊबिजेसाठी गावी गेलेला, गाडीची किल्ली संस्थेच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते चिटणीसही परगावी. अखेर गठ्ठे वाहणाऱ्या टेम्पोत गादी अंथरून आम्ही मुनीमजींना नेले. रस्ते माणसांनी व फटाक्यांनी भरलेले होते. पोहोचलो तेव्हा फार उशीर झाला होता.

दोष कोणा एकाचा नव्हता. संस्थेने गाडी घेतली होती, पण सणाच्या दिवसाची पाळी लावली नव्हती. रुग्णवाहिकेचा सारा इतिहास वाचल्यावर मला असे दिसून आले, की जगभर हीच चूक पुनःपुन्हा झाली आणि जेथे ती सुधारली तेथेच माणसे वाचली.

खांद्यापासून वाहनापर्यंत

रुग्णवाहिका म्हणजे मोटार ही आजची कल्पना. आपल्या जिल्ह्यातील पेठ, सुरगाणा व त्र्यंबकेश्वर तालुक्यांच्या डोंगराळ पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या डोली किंवा झोळी हीच रुग्णवाहिका होती. दोन खांदेकरी, एक बांबू आणि एक जाड कापड. जेथे रस्ता पोहोचलेला नाही, तेथे पावसाळ्यात आजही तीच उपयोगी पडते. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी पुण्याजवळील मुंढव्याच्या एका आजारी मुलास पाठीवर घेऊन पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्याच सेवेत त्यांना प्लेगची बाधा झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वाहनाविना रुग्णवाहिका कशी असते, याचे याहून थोर उदाहरण महाराष्ट्रात नाही.

युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी घोड्यांच्या हलक्या गाड्या सिद्ध केल्या. तोपर्यंत जखमींना लढाई संपेपर्यंत रणांगणावरच पडून राहावे लागे. लारे यांनी गाडीबरोबर प्रशिक्षित माणसे दिली आणि हुद्दा किंवा देश न पाहता जखमेचे गांभीर्य पाहून उपचाराचा क्रम ठरविला. दक्षिण आफ्रिकेत १८९९ च्या बोअर युद्धात गांधीजींनी उभारलेल्या पथकातही हेच तत्त्व आढळते. सुमारे ११०० हिंदी लोक त्यात होते. त्यांत गिरमिटिये मजूर बहुसंख्य होते. डॉ. बूथ यांच्याकडून शुश्रूषेचे शिक्षण घेऊन मगच स्वयंसेवक रणभूमीकडे गेले. जखमींच्या डोल्या खांद्यावर घेऊन ते दिवसाला वीस-पंचवीस मैल चालत. १९०६ च्या झुलू बंडाच्या वेळी त्यांच्या छोट्या पथकाने जखमी झुलूंची सेवा केली, कारण गोऱ्या परिचारकांची त्यांना हात लावण्याची तयारी नव्हती.

वाहन आले, पण पाळी कुठे?

पुढे मोटार आली आणि गंमत अशी, की माणूस मागे पडला. अमेरिकेसारख्या संपन्न देशातही १९६० च्या दशकापर्यंत अनेक गावांत रुग्ण नेण्याचे काम अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थांकडे असे, कारण आडवे निजविता येईल अशी गाडी त्यांच्याचपाशी होती. रुग्ण जगावा म्हणून वाटेत काही करणारे कोणी नसे. पिट्सबर्ग शहरात १९६७ साली ‘फ्रीडम हाऊस’ हा उपक्रम सुरू झाला. डॉ. पीटर साफर यांनी तेथील गरीब कृष्णवर्णीय तरुणांना खडतर शिक्षण देऊन गाडीतच उपचार करण्यास सिद्ध केले. आजच्या रुग्णवाहिका-सेवकाची घडण तेथून झाली असे मानले जाते.

आपल्याकडेही ऐंशी-नव्वदच्या दशकांत मॅटाडोर किंवा मारुती ओम्नी घेऊन तिच्यावर लाल अधिकचिन्ह रंगविले, की रुग्णवाहिका तयार होत असे. आत एक बाकडे, एक स्ट्रेचर आणि असलाच तर प्राणवायूचा सिलिंडर. चालक हाच सर्वस्व. अशा गाड्यांनी असंख्य कुटुंबांची सेवा केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु चालक रजेवर म्हणजे सेवा रजेवर, असाच त्याचा अर्थ होता.

मुंबईत २००५ साली शाफी माथेर, रवी कृष्णा, श्वेता मंगल, नरेश जैन आदी तरुण मित्रांनी १२९८ क्रमांकाची सेवा सुरू केली. माथेर यांच्या मातोश्री केरळात व रवी कृष्णा यांच्या मातोश्री न्यूयॉर्कमध्ये अचानक अत्यवस्थ झाल्या. दोन ठिकाणच्या मदतीतील अंतर पाहून हा विचार त्यांच्या मनात आला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. महाराष्ट्रात ती २६ जानेवारी २०१४ रोजी आली. तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत उपकरणांच्या होत्या. पुण्यातील औंध येथे नियंत्रण कक्ष, प्रत्येक गाडीत चालकासह एक डॉक्टर, आणि शहरात वीस व ग्रामीण भागात तीस मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट. एक स्वातंत्र्यदिनी सुरू झाली, दुसरी प्रजासत्ताकदिनी. सर्वांना सुट्टी असते त्या दिवशी जिचा जन्म झाला, तिला सुट्टी कशी असणार?

नाशिकचे सण आणि संकटे

सणाचा दिवस हा आनंदाचा, तसाच धोक्याचाही. संक्रांतीला येवल्यापासून नाशिकपर्यंत आकाश पतंगांनी भरते आणि दुचाकीवरील माणसाच्या गळ्याशी मांजा येतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी जखमा थांबल्या नाहीत. मुक्या पक्ष्यांचे हाल तर विचारूच नयेत. अनेक शहरांतील जैन तरुण या दिवसांत पतंग बाजूस ठेवून पक्षी-उपचार शिबिरांत पाळी करतात. गुजरातेत २०१७ पासून ‘करुणा अभियान’ या नावाने शासनही त्यात उतरले. रंगपंचमीला जुन्या नाशकातील पेशवेकालीन रहाडींवर उड्या पडतात, विसर्जनाला गोदाकाठी गर्दी उसळते, दिवाळीत भाजणे आणि डोळ्यांच्या इजा ठरलेल्याच.

मोठ्या आपत्तीही सणांच्या आडून आल्या. २७ ऑगस्ट २००३ ही सिंहस्थाची शाही पर्वणी. आपल्याकडे पर्युषण पर्व चालू होते. त्या दिवशी सरदार चौकातून रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. जुन्या नाशकाच्या गल्ल्या ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना गर्दीत तेथे स्ट्रेचर नेणे म्हणजे काय, हे सांगावयास नको. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवीच्या यात्रेत अडीचशेहून अधिक जीव गेले. २०१५ च्या सिंहस्थात मात्र नवे घाट, दूरवरचे वाहनतळ आणि येण्याजाण्याचे निराळे मार्ग यांमुळे पर्वण्या सुखरूप पार पडल्या. त्यांतील पहिली पर्वणी २९ ऑगस्टला, नेमकी रक्षाबंधनाच्या दिवशी होती. त्या दिवशी कितीतरी बहिणींनी राखी ताटातच ठेवून भावाची वाट पाहिली असेल.

किल्लारीचे स्मरण तर आपल्या समाजाने जपलेच आहे. २९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून गावे थकून झोपली आणि ३० तारखेच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. सणाचा बंदोबस्त संपवून नुकतेच पाठ टेकलेले पोलीस, डॉक्टर व चालक पुन्हा उठले. पुढे शांतीलाल मुथ्था यांच्या नेतृत्वाखाली भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली.

आणि २१ एप्रिल २०२१. रामनवमी, पण काळारामाचे दार भाविकांसाठी बंद. चार दिवसांवर महावीर जयंती होती. महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून प्राणवायूची गळती झाली आणि २२ रुग्ण दगावले. त्या दिवसांत रुग्णवाहिकेवर असणाऱ्यांना पंचांग पाहण्याचीही सवड नव्हती.

पाळीवरची माणसे

मुनीमजींच्या जाण्यानंतर मी प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले. पाडवा व भाऊबीज या दोन दिवशी दुकानाची जबाबदारी मुलांवर सोपवून मी एका रुग्णवाहिकेवर मदतनीस म्हणून बसू लागलो. माझे काम साधे. पाळी सुरू होताना सिलिंडरचा दाब पाहावयाचा, त्याची चावी जागेवर आहे ना हे बघावयाचे, स्ट्रेचरची चाके तपासावयाची आणि नोंदवहीत लिहावयाचे. जुन्या वाड्यांच्या जिन्यात स्ट्रेचर वळत नाही. तेथे रुग्णास खुर्चीवर बसवून किंवा जाड चादरीत घेऊन चौघांनी उतरवावे लागते. आयुष्यभर कापड विकले, परंतु चादरीची वीण किती वजन पेलते हे तेथे प्रथम कळले.

एका भाऊबिजेला एकट्या राहणाऱ्या वृद्ध आजींना दम लागला म्हणून बोलावणे आले. मुले परदेशी. प्राणवायू लावल्यावर त्यांना थोडे बरे वाटले, तेव्हा त्यांनी चालकाला विचारले, “दादा, तुमची बहीण वाट बघत असेल ना?” चालक म्हणाला, “आजी, रात्री दहाला पाळी सुटते. ती दहापर्यंत ताट ठेवते.” तो गेली अकरा वर्षे त्याच वेळेला ओवाळून घेत होता. त्याचे नाव कुठल्याही गाडीवर रंगविलेले नाही.

अनेक ठिकाणी सहकारी आपसांत पाळ्या बदलून घेतात. ईदला हिंदू सहकारी उभा राहतो, दिवाळीला मुसलमान, नाताळला दोघे. इस्रायलमध्येही ज्यू व अरब सेवक एकमेकांच्या सणांना असेच धावून येतात, असे वाचनात आले. अशा देवघेवीला करार लागत नाही, शब्द पुरतो.

कायदाही हळूहळू मदतकर्त्याच्या बाजूने झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात निर्णय दिला, की जखमीचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य असून पोलिसी सोपस्कार नंतरचे. २०१६ साली याच न्यायालयाने अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. ‘हात लावला तर लफड्यात पडू’ ही सबब आता उरलेली नाही.

एक विनंती

आपल्या परंपरेत वैयावृत्त्य, म्हणजे रुग्णाची व गरजूची सेवा, हे सहा अंतरंग तपांपैकी एक मानले आहे. तप स्वतःच्या देहाने करावयाचे असते, ते विकत घेऊन दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. रुग्णवाहिका दान करणे हे मोठे पुण्यकर्म आहे व ते होत राहावे. परंतु गाडीचे दान एकदा होते. पाळी दरवर्षी, दर सणाला उभी राहावी लागते. नाशिकच्या पुढच्या प्रत्येक सिंहस्थात आणि प्रत्येक दिवाळीत हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळास माझी नम्र सूचना आहे. एक साधी वही घालावी. तिच्यात वर्षातील सणांचे रकाने आखावेत आणि त्या त्या दिवशी प्रथमोपचार शिकलेला कोण उभा राहील, त्याचे नाव आधीच लिहून ठेवावे. गाडीची किल्ली कोणाकडे, हेही त्याच पानावर असावे. तरुणांनी संक्रांत, गणेशोत्सव घ्यावा. आम्हा ज्येष्ठांनी दिवाळी. पाडवा व भाऊबिजेच्या रकान्यांत माझे नाव आजच लिहून घ्यावे.

लिखाणात काही उणेअधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.