बेनगाझी परिचारिका प्रकरण
(१९९९–२००७). लिबियातील बेनगाझी शहराच्या अल-फतेह बालरुग्णालयात चारशेहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. तिचा ठपका पाच बल्गेरियन परिचारिका व एक शिकाऊ पॅलेस्टिनी डॉक्टर यांच्यावर ठेवण्यात आला. सुमारे साडेआठ वर्षांच्या कैदेनंतर राजनैतिक वाटाघाटींतून ते सुटले.

अटक १९९९ च्या आरंभी झाली. विजेचे झटके देऊन काहींकडून कबुलीजबाब घेण्यात आले. सीआयए आणि मोसाद या गुप्तचर संस्थांच्या सांगण्यावरून त्यांनी मुलांना ही लागण केली, असा आरोप खुद्द लिबियाचे शासक गद्दाफी यांनी जाहीरपणे केला. एचआयव्ही विषाणूच्या शोधातील अग्रणी ल्यूक मोंतान्ये आणि इटालियन शास्त्रज्ञ विट्टोरियो कोलिझ्झी यांनी २००३ मध्ये अहवाल दिला, की परिचारिका रुजू होण्याआधीच लागण सुरू झाली होती व तिचे मूळ रुग्णालयातील अस्वच्छ कामकाजात होते. न्यायालयाने तो अहवाल मानला नाही. मे २००४ मध्ये गोळ्या घालून मारण्याची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती डिसेंबर २००५ मध्ये रद्द केली, पण फेरसुनावणीत १९ डिसेंबर २००६ रोजी पुन्हा मृत्युदंडच ठोठावला गेला. त्याआधीच्या महिन्यात ११४ नोबेल विजेत्यांनी लिबियाला खुले पत्र लिहिले होते. त्याचाही उपयोग झाला नाही.

 अखेर हा गुंता तडजोडीने सुटला. बल्गेरिया १ जानेवारी २००७ रोजी युरोपीय संघात दाखल झाल्यावर हा प्रश्न साऱ्या संघाचा झाला. लागण झालेल्या प्रत्येक मुलामागे कुटुंबाला सुमारे १० लाख डॉलर भरपाई ठरली. शिक्षेवर अडून बसलेल्या कुटुंबांनी ती घेऊन मृत्युदंडाची मागणी सोडली. इस्लामी कायद्यातील 'दिया' (जिवाची भरपाई) या तरतुदीमुळे लिबियाला माघार घेता आली, तीही न्यायालयाची चूक कबूल न करता. १७ जुलैला मृत्युदंडाची जन्मठेप झाली. मग १९८४ चा बल्गेरिया-लिबिया कैदी हस्तांतरण करार कामी आला. तो पॅलेस्टिनी डॉक्टरलाही लागू व्हावा म्हणून बल्गेरियाने त्याला आधीच नागरिकत्व देऊन ठेवले होते. कागदोपत्री किरकोळ वाटणारी ही चाल एका माणसाची सुटका करून गेली.

२४ जुलै २००७ रोजी फ्रान्सच्या अध्यक्षांच्या विमानाने सर्वजण सोफियाला पोहोचले. सोबत अध्यक्षांच्या पत्नी सेसिलिया सार्कोझी व युरोपीय आयुक्त बेनिता फेरेरो-वाल्डनर होत्या. दुसऱ्याच दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष निकोला सार्कोझी लिबियाची राजधानी ट्रिपोलीत होते आणि तेथे अणुऊर्जा सहकार्याचा करारनामा झाला. सुटकेची किंमत केवळ भरपाईपुरती होती, असे म्हणणे म्हणून धाडसाचे ठरेल. सोफियात विमान उतरताच बल्गेरियाचे अध्यक्ष गेओर्गी पर्वानोव्ह यांनी सर्वांना माफी दिली. त्यावर लिबियाने निषेध नोंदवला. छळाचा आरोप असलेले लिबियन पोलीस अधिकारी २००५ मध्येच निर्दोष सुटले होते.