चलच्चित्रांचा समास

जुनी हस्तलिखिते ज्यांनी हाताळली आहेत त्यांना समासातल्या मजकुराची गंमत आणि धास्ती दोन्ही ठाऊक असतात. कोणी वाचक कडेला अर्थ लिहून ठेवतो, पुढचा लेखनिक नक्कल करताना तो मूळ ओळींत घेतो, आणि दोन पिढ्यांनंतर संहिता कोणती व टीप कोणती हे सांगणे अवघड होऊन बसते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे असेच मिसळलेले पाठ होते. हा भाग शिकवताना अलीकडे आम्ही विद्यार्थ्यांना एक अनपेक्षित उदाहरण देतो. ते आहे चित्रफितींच्या समासाचे.

२००८ साली ‘पॅड.मा’ हे चित्रफितींचे खुले दप्तर महाजालावर सुरू झाले. मुंबईच्या कॅम्प, मजलिस व पॉइंट ऑफ व्ह्यू, बंगळूरचे आल्टर्नेटिव्ह लॉ फोरम आणि बर्लिनचा संगणक जाणणारा एक गट यांनी मिळून ते उभे केले. त्याचे वेगळेपण असे की त्यात भर आहे तो पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा कच्च्या चित्रणावर. तासभराची मुलाखत घ्यावी, संकलनात तिची दोन मिनिटे वापरावी आणि उरलेले कपाटात पडू द्यावे, ही माहितीपटांची नेहमीची रीत. ते उरलेलेच येथे मांडलेले आहे. मराठी वाचकाला यात राजवाडे आठवावेत. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला, तेव्हा त्यांनी आपल्या निष्कर्षांबरोबर अस्सल पत्रेच वाचकांपुढे ठेवली होती. निष्कर्ष तपासायचा तर कागद समोर हवा.

येथे पाहण्याची रीतही निराळी आहे. चित्रफितीच्या खाली तिची संपूर्ण लांबी चित्रांच्या एका अरुंद पट्टीत पसरलेली दिसते. तीवर सुरुवात व शेवट अशा दोन खुणा कराव्यात आणि मधल्या तुकड्याला टीप जोडावी. ती टीप बोलण्याचे लेखन असेल, वर्णन असेल, स्थळाचे नाव असेल. प्रत्येक टिपेला लिहिणाऱ्याचे नाव व चित्रातली नेमकी वेळ चिकटलेली राहते. लेखनिकाच्या हातून जो घोटाळा होई तो येथे सहजी होत नाही. टीप चित्रात शिरत नाही.

याच व्यवस्थेवर २०१३ साली ‘इंडियनसिने.मा’ हा भारतीय चित्रपटांचा संग्रह सुरू झाला. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रपटावरील स्वामित्वहक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षांनी संपतो, त्यामुळे फाळक्यांचा काळ सर्वांना मोकळा आहे. जे उरले ते फार थोडे आहे हा भाग वेगळा. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिती जळाल्या, ते दुःख जुने असले तरी शमलेले नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ आम्ही एम. ए.च्या वर्गात याच पद्धतीने पाहिला, म्हणजे थांबत थांबत. पहिला प्रसंग धनुर्विद्येचा: राजा मुलाला बाण मारायला शिकवतो आहे, शेजारी राणी उभी आहे. एका विद्यार्थिनीला टीप लिहावयास सांगितले. तिने लिहिले, ‘तारामती बाजूला उभी आहे.’ मागून हरकत आली. १९१३ च्या चित्रपटात तारामती झाले होते अण्णा साळुंके, उपाहारगृहात काम करणारे एक पुरुष. मग ‘उभी’ कसे? ‘उभे’ म्हणावयास हवे. इंग्रजी टीप या पेचातून निसटून गेली असती, कारण तिच्या क्रियापदाला लिंग नसते. मराठीला ते टाळता येत नाही. काय दिसते आहे हे लिहिण्याआधी आपण कोणाला पाहतो आहोत, पात्राला की नटाला, हे ठरवावेच लागते. वर्णन निष्पक्ष असते असे आम्ही स्वतःही इतकी वर्षे शिकवीत आलो होतो.

तेवढ्यात दुसऱ्याने विचारले की नाव तरी खात्रीने कसे लिहायचे? आज उपलब्ध असलेली रिळे मूळ १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. आम्ही कित्येकदा बेधडक ‘१९१३’ म्हणून गेलो आहोत. वर्गाचे एकमत शेवटपर्यंत झाले नाही.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. मूक चित्र स्वतःहून शोधात सापडत नाही, ते सापडते त्याच्या टिपेतल्या शब्दांमुळे. आम्ही चाळलेल्या टिपा बहुतांशी इंग्रजीत होत्या. त्या परिश्रमपूर्वक लिहिलेल्या आहेत, तक्रार त्यांच्याबद्दल नाही. पण शेला, पदर, समई, वृंदावन असे शब्द कोणी त्या तुकड्यांना जोडलेच नाहीत, तर उद्या ‘वृंदावन’ शोधणाऱ्याला फाळक्यांचे अंगण दिसणार नाही. ते शब्द ज्यांना येतात ते मराठी विभागांत बसलेले आहेत आणि प्रबंधांना तळटिपा जोडीत आहेत.

आमच्या वर्गाने वहीत दोन टिपा लिहून ठेवल्या आहेत, एक ‘उभी’ची व एक ‘उभे’ची, वेळेच्या खुणेसह. विद्यार्थिनीने पहिलीखाली आपले नाव घातले आहे. दुसरीखाली कोणाचे घालावयाचे यावर पुढच्या तासाला बोलावयाचे आहे.