व्हाइट, बेटी

व्हाइट, बेटी : (१७ जानेवारी १९२२–३१ डिसेंबर २०२१). अमेरिकन दूरचित्रवाणी अभिनेत्री, सूत्रसंचालक, निर्मात्या आणि प्राणिकल्याण कार्यकर्त्या. पूर्ण नाव बेटी मॅरियन व्हाइट. ‘द मेरी टायलर मूर शो’मधील सू ॲन निव्हन्स आणि ‘द गोल्डन गर्ल्स’मधील रोझ नायलंड या भूमिकांसाठी त्या विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत दूरचित्रवाणी प्रायोगिक अवस्थेत होती तेव्हा त्या प्रथम कॅमेऱ्यासमोर आल्या आणि वयाच्या नव्वदीनंतरही काम करत राहिल्या.

त्यांचा जन्म इलिनॉय राज्यातील ओक पार्क येथे झाला. वडील होरेस विजेच्या दिव्यांच्या कंपनीत अधिकारी होते. आई टेस गृहिणी. बेटी हे त्यांचे एकुलते एक अपत्य. बेटी लहान असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियात स्थलांतरित झाले. १९३० च्या दशकातील महामंदीत वडील जोडउत्पन्नासाठी रेडिओसंच तयार करून विकत. गिऱ्हाइकाकडे पैसे नसले, तर रेडिओच्या बदल्यात कुत्रा घेत. बेटींचे प्राणिप्रेम या घरातलेच. त्यांना वनरक्षक व्हायचे होते, पण त्या काळी स्त्रियांना ही नोकरी मिळत नसे. शाळेच्या निरोप समारंभासाठी स्वतः नाटक लिहून त्यांनी त्यात मुख्य भूमिका केली आणि तेथून अभिनयाची ओढ लागली. १९३९ मध्ये बेव्हर्ली हिल्स हायस्कूलमधून त्या उत्तीर्ण झाल्या. त्याच वर्षी लॉस अँजेलिसमधील एका प्रायोगिक प्रक्षेपणात त्यांनी एका वर्गमित्रासह ‘द मेरी विडो’ या संगीतिकेतील गाणी सादर केली. कार्यक्रम इमारतीच्या वरच्या मजल्यावर झाला आणि खालच्या मजल्यावर ठेवलेल्या छोट्या पडद्यावर त्यांच्या आईवडिलांनी तो पाहिला.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी अमेरिकन विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस या संस्थेत काम केले. हॉलिवूडच्या टेकड्यांतील लष्करी ठाण्यांना सामान पोचवणारा ट्रक त्या चालवत. युद्धानंतर चित्रपटसंस्थांनी, चेहरा पडद्याला साजेसा नाही, असे सांगून त्यांना परत पाठवले. मग रेडिओवर जाहिराती आणि किरकोळ भूमिका करत त्यांनी जम बसवला. या काळातील त्यांचे दोन विवाह अल्पकाळच टिकले.

१९४९ मध्ये निवेदक अल जार्व्हिस यांनी ‘हॉलिवूड ऑन टेलिव्हिजन’ या स्थानिक कार्यक्रमासाठी त्यांना सहकारी म्हणून घेतले. आठवड्यातले सहा दिवस, रोज साडेपाच तास हा कार्यक्रम थेट प्रक्षेपित होई. हाती संहिता नसे आणि चूक झाली तर पुन्हा चित्रण करण्याची सोय नसे. मुलाखती, गाणी, छोटी प्रहसने आणि एकामागून एक जाहिराती, सारे कॅमेऱ्यासमोर जागच्या जागी निभवावे लागे. १९५२ मध्ये त्यांनी हा कार्यक्रम एकटीने चालवला. पुढे ज्या अचूक वेळसाधनेसाठी आणि हजरजबाबीपणासाठी त्यांचे नाव झाले, त्याचा रियाज या काळात झाला. १९५२ मध्येच त्यांनी डॉन फेडरसन आणि जॉर्ज टिबल्स यांच्यासह निर्मितिसंस्था स्थापन करून ‘लाइफ विथ एलिझाबेथ’ ही विनोदी मालिका काढली. कॅमेऱ्यासमोर आणि कॅमेऱ्यामागे, दोन्हीकडे निर्णयाचा अधिकार असलेल्या स्त्रिया तेव्हाच्या अमेरिकन दूरचित्रवाणीत मोजक्याच होत्या.

१९५४ मध्ये एन.बी.सी. या वाहिनीवर ‘द बेटी व्हाइट शो’ हा त्यांचा रोजचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात आर्थर डंकन हे तरुण कृष्णवर्णीय नर्तक नियमित सहभागी होते. त्यांना काढले नाही तर कार्यक्रम दाखवणार नाही, अशी धमकी दक्षिणेकडील राज्यांतील काही दूरचित्रवाणी केंद्रांनी दिली. व्हाइट यांनी ती साफ झिडकारली आणि डंकन यांना कार्यक्रमात उलट अधिक वेळ दिला. त्याच वर्षाअखेरीस कार्यक्रम बंद झाला. वांशिक विभाजन अनेक राज्यांत कायद्याने रूढ असताना बत्तीस वर्षांच्या कलावतीने घेतलेली ही भूमिका तिच्या अभिनयाइतकीच मोलाची आहे.

त्यानंतरच्या दोन दशकांत त्या प्रामुख्याने खेळांच्या कार्यक्रमांत पाहुण्या म्हणून आणि ‘रोझ परेड’ या मिरवणुकीच्या वार्षिक प्रक्षेपणात निवेदक म्हणून दिसत. ‘पासवर्ड’ या खेळाचे सूत्रसंचालक ॲलन लडन यांच्याशी १९६३ मध्ये त्यांचा विवाह झाला. १९८१ मध्ये लडन यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९८३ मध्ये ‘जस्ट मेन!’ या कार्यक्रमासाठी दूरचित्रवाणी क्षेत्रातील डेटाइम एमी पुरस्कार मिळवून खेळांच्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनासाठी हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

अभिनेत्री म्हणून त्यांना नवे आयुष्य मिळाले ते १९७३ मध्ये, ‘द मेरी टायलर मूर शो’मधून. सू ॲन निव्हन्स ही दूरचित्रवाणी केंद्रावर गृहिणींसाठी पाककृती आणि घर टापटीप ठेवण्याच्या युक्त्या सांगणारी बाई. कॅमेऱ्यासमोर तिच्या बोलण्यात साखर, कॅमेरा बंद होताच जिभेवर विखार आणि पुरुषांवर नजर. पहिल्याच भागात, आपल्या नवऱ्याशी सू ॲनचे सूत जुळल्याचा जाब विचारायला आलेली बाई ओव्हनचे दार आपटून आतला फुगलेला सूफले हा पदार्थ बसवते. सू ॲन संतापते, तरी तोल ढळू देत नाही. मग पुन्हा उघडलेले ओव्हनचे दार ती गुडघ्याने अलगद लावते. तेवढ्या एका हालचालीत पात्राचा नखरा आणि निगरगट्टपणा दोन्ही उमटतात. एका भागापुरती आलेली ही भूमिका मालिकेच्या अखेरपर्यंत, १९७७ पर्यंत टिकली आणि व्हाइट यांना १९७५ व १९७६ असे सलग दोन एमी पुरस्कार देऊन गेली.

१९८५ मध्ये ‘द गोल्डन गर्ल्स’ ही मालिका सुरू झाली. मायामीत एकत्र राहणाऱ्या चार प्रौढ स्त्रियांची ही कथा. व्हाइट यांची निवड आधी पुरुषवेड्या ब्लांशसाठी, तर रू मॅक्लॅनहन यांची भोळ्या रोझसाठी झाली होती. दोघींनीही तशाच भूमिका पूर्वी केलेल्या असल्याने दिग्दर्शक जे सँड्रिच यांनी अदलाबदल सुचवली. सेंट ओलाफ या काल्पनिक गावातून आलेली विधवा रोझ प्रत्येक शब्द जसाच्या तसा खरा मानते. व्हाइट यांनी तिला मूर्ख ठरवले नाही. तिच्या सरळपणावर त्यांचा पूर्ण विश्वास होता, म्हणून रोझच्या लांबलचक, विसंगत गोष्टी हास्यास्पद असूनही केविलवाण्या वाटत नाहीत. १९९० मधील एका भागात रक्तसंक्रमणातून एच.आय.व्ही.ची लागण झाली असावी या भीतीने तीन दिवस तपासणीच्या निकालाची वाट पाहणारी रोझ त्यांनी साकारली. या आजाराबद्दल समाजात भीती आणि दूषणे असताना लोकप्रिय विनोदी मालिकेने हा विषय गांभीर्याने हाताळला. १९८६ मध्ये या भूमिकेसाठी त्यांना एमी मिळाला. पुढे त्यांच्या सहकलाकार बिआट्रिस आर्थर, मॅक्लॅनहन आणि एस्टेल गेटी यांनाही तो मिळाला. मालिकेचे १९९२ पर्यंत १८० भाग झाले. उतारवयातील स्त्रियांच्या मैत्रीला, प्रेमाला आणि पैशांच्या विवंचनेला मध्यवर्ती स्थान देणारी ही मालिका दूरचित्रवाणीच्या इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

१९९५ मध्ये टेलिव्हिजन अकादमीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. पाहुणी कलाकार म्हणून त्यांनी १९९६ मध्ये आणखी एक एमी मिळवला. ‘द प्रपोजल’ (२००९) या चित्रपटातील आजीच्या भूमिकेमुळे आणि २०१० च्या सुपर बोल सामन्यावेळच्या एका जाहिरातीमुळे नवी पिढी त्यांची चाहती झाली. फेसबुकवरील चाहत्यांच्या मोहिमेनंतर त्यांनी ८ मे २०१० रोजी, ८८ व्या वर्षी, ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’चे सूत्रसंचालन केले आणि त्यासाठी एमी मिळवला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘हॉट इन क्लीव्हलँड’ या मालिकेत त्या २०१५ पर्यंत होत्या. स्वतःच्या पुस्तकाच्या ध्वनिमुद्रित वाचनासाठी २०१२ मध्ये त्यांना ग्रॅमी पुरस्कार लाभला.

अभिनयाइतकाच वेळ त्यांनी प्राण्यांसाठी दिला. १९७१ मध्ये त्यांनी ‘द पेट सेट’ हा पाळीव प्राण्यांवरील कार्यक्रम सादर केला. पशुवैद्यकीय संशोधनाला साहाय्य करणाऱ्या मॉरिस ॲनिमल फाउंडेशनशी आणि लॉस अँजेलिसच्या प्राणिसंग्रहालयाशी त्या अनेक दशके निगडित होत्या. २०१० मध्ये अमेरिकेच्या वनखात्याने त्यांना मानद वनरक्षक केले.

लॉस अँजेलिस येथे पक्षाघातानंतर, शंभरी पूर्ण व्हायला सतरा दिवस उरले असताना त्यांचे निधन झाले. त्यांच्या शंभराव्या जन्मदिनी चाहत्यांनी ठिकठिकाणच्या प्राणिनिवाऱ्यांना देणग्या दिल्या. २०२५ मध्ये अमेरिकन टपालखात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

व्हाइट यांचे खरे महत्त्व कारकिर्दीच्या वर्षांच्या बेरजेपुरते नाही. थेट प्रक्षेपणात घडलेली शिस्त त्यांनी बदलत्या दूरचित्रवाणीतही सोडली नाही, आणि वृद्ध स्त्री ही विनोदाचा विषय नव्हे तर विनोदाची कर्ती असू शकते, हे अमेरिकन प्रेक्षकांना त्यांच्याइतक्या सातत्याने दुसऱ्या कुणी क्वचितच दाखवून दिले.