पायाखालचं पॅडल

काठी म्हटलं की राजवाडी होळी आठवते. उंचच्या उंच बांबू, रात्रभर ढोल आणि पहाटे पेटणारी होळी. एकेकाळच्या या मेहवासी संस्थानाचा तो मानाचा सण. पण माझ्यासारख्या यंत्रवेड्याचं लक्ष तिथल्या वाटेवरच जास्त असतं. अक्कलकुवा सोडलं की देवगोईचा घाट आणि मग मोलगीच्या अंगाने सातपुड्यात आत. अशा रस्त्यांवर जीपने वर्षानुवर्षं माणसं वाहिली. म्हणून स्वतःची जीप बांधायला घेणाऱ्याने सीट नि टायर निवडण्याआधी ब्रेकच्या पॅडलचा इतिहास वाचावा, असं माझं मत आहे. (हो, पॅडललाही इतिहास असतो!)

पायाने ब्रेक दाबायची पद्धत आज जगभर एकच वाटते, पण ती तशी नव्हती. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीला तीन पॅडल होती: डावं गिअरचं, मधलं रिव्हर्सचं आणि उजवं ब्रेकचं. तो ब्रेकही चाकांवर नव्हे, तर ट्रान्समिशनवर लागायचा. पुढे सळ्या आणि केबलींच्या जागी ब्रेक ऑइल आलं. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मध्ये चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. ऑइलचा मोठा फायदा असा, की दाब सगळीकडे सारखा पोचतो. सळ्यांचं तसं नव्हतं, प्रत्येक चाकाची वेगळी मनधरणी करावी लागे.

१९४१ ची विलीज जीप लष्करासाठी झाली. तिचं पॅडल पत्र्यातल्या खाचेतून खालून वर आलेलं असतं आणि मास्टर सिलिंडर फ्लोअरच्या खाली, चासीला बोल्ट केलेला. रचना साधी आणि भक्कम. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत माझगावला जीपची जोडणी सुरू केली, तेव्हा हे सगळं तसंच इकडे आलं आणि दशकानुदशकं राहिलं. आमच्या धंद्यात याला लेगसी कोड म्हणतात. चालतंय ना, मग हात लावू नका!

पण त्या रचनेची दोन दुखणी आहेत. एक, मास्टर सिलिंडर चिखलपाण्याच्या तोंडाशी. ऑइल तपासायचं तर फ्लोअरचं झाकण काढा, आणि तिथली माती आत पडली तर सील गेलंच म्हणून समजा. दुसरं दुखणं जास्त गंभीर: चारही चाकांना एकच सर्किट. एक होज फुटला की पॅडल थेट पत्र्याला टेकतं. अमेरिकेत कॅडिलॅकने १९६२ मध्ये पुढच्या-मागच्या चाकांची सर्किटं वेगळी केली, आणि १ जानेवारी १९६८ पासून तिथे नव्या कारना दुहेरी सर्किट सक्तीचं झालं. जुनी जीप बांधणाऱ्याने पहिला खर्च इथे करावा, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडरवर. क्रोम बंपर नंतर.

आता थोडं गणित, कंटाळू नका. पायाचा जोर ३० किलो आणि पॅडलचं गुणोत्तर ६:१ धरा, म्हणजे दट्ट्यावर १८० किलो. मास्टर सिलिंडरचा व्यास १ इंच असेल, तर दाब येतो चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. तोच व्यास पाऊण इंच केला की दाब ६३. वा! मग छोटाच लावू? थांबा. तेवढंच ऑइल ढकलायला दट्ट्याला पावणेदोन पट जास्त सरकावं लागतं. मोठ्या ड्रमला छोटा सिलिंडर जोडला, तर पॅडल खाली टेकतं आणि ब्रेक अर्धवट लागतो. दाब हवा की चाल, दोन्ही फुकट मिळत नाहीत.

पॅडल वरून लोंबतं करून मास्टर सिलिंडर इंजिनच्या बाजूला फायरवॉलवर घ्यायचा, हा पर्याय लोकांना आवडतो. सिलिंडर कोरडा राहतो, ऑइल बघायला सोपं. मात्र जीपची फायरवॉल पातळ पत्र्याची. मागे जाड प्लेट दिली नाही तर पाय दाबताच पत्रा वाकतो, आणि आपला निम्मा जोर त्यातच जातो. मी स्वतः फ्लोअरचंच पॅडल ठेवीन, सिलिंडर तेवढा टँडम करीन. सिलिंडर खाली असला की ऑइल मागे उतरू नये म्हणून लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, हे विसरू नये.

राहिला बूस्टर. आपल्याकडे पेट्रोल जीपना डिझेल इंजिन बसवायची मोठी लाट आली होती. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलमध्ये तसा मिळत नाही, वेगळा पंप लागतो. घाटात डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडली आणि इंजिन बंद पडलं, की साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो. मग पॅडल दगडासारखं होतं. बूस्टरच्या भरवशावर गुणोत्तर कमी करून ठेवलेलं असेल, तर पायाच्या जोराने गाडी थांबवणं फार अवघड. म्हणून बूस्टरशिवाय गाडी थांबेल असं गुणोत्तर आधी ठरवायचं, बूस्टर नंतर.

आणि हो, मूळ गाडीत बदल करायचा तर कायदाही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ नमुन्यापासून फारकत घेणाऱ्या बदलांना चाप लावला. तेव्हा स्पॅनर उचलण्याआधी आरटीओत एक चक्कर टाकून या.