स्पेनमधील लष्करी हस्तक्षेप व प्रादेशिक स्वायत्तता

कॅटलोनिया, बास्क प्रदेश आदींना स्वशासनाचे अधिकार किती असावेत, या प्रश्नात स्पेनच्या लष्कराने विसाव्या शतकात व त्यानंतरही वारंवार केलेली ढवळाढवळ. वृत्तपत्राच्या कचेरीवरील हल्ल्यापासून (१९०५) दोन हुकूमशाही राजवटी, संसदेवर कब्जा करण्याचा प्रयत्न (१९८१) आणि एका सेनापतीच्या जाहीर धमकीपर्यंत (२००६) तिची रूपे बदलत गेली. त्या सर्वांमागे एकच दावा होता. देशाची अखंडता हा निवडून आलेल्या संसदेने ठरवण्याचा विषय नसून लष्कर तिचे राखणदार आहे, असा तो दावा. ब्रह्मदेशात संघराज्याची चर्चा चालू असताना २ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता घेतली, तीही याच युक्तिवादाने. मात्र स्पेनमध्ये हा दावा मोडून काढण्याची प्रक्रियाही घडली, आणि त्यामुळे हे उदाहरण विशेष अभ्यासण्याजोगे आहे.

पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील सरकारे बहुधा मतपेटीने बदलत नसत. एखादा सेनापती आपल्या छावणीत जाहीरनामा वाचून उठाव करी आणि बाकीच्या छावण्या त्याला मिळाल्या की माद्रिदमधील मंत्रिमंडळ कोसळे. १८२० मध्ये रिएगो याने केलेला उठाव हा या प्रथेचा प्रसिद्ध आरंभ. हे उठाव करणारे अधिकारी सुरुवातीला बरेचदा उदारमतवादी असत, पण त्यांची राज्यकल्पना माद्रिदकेंद्री होती. १८४२ च्या डिसेंबरात राजप्रतिनिधी जनरल एस्पार्तेरो याने मोन्जुइक टेकडीवरील किल्ल्यातून बार्सेलोना शहरावर तोफा डागल्या. बास्क प्रांतांना स्वतःचे जुने कायदे व करविषयक सवलती होत्या. राजगादीच्या वारशावरून झालेल्या कार्लिस्ट युद्धांत पराभव झाल्यावर १८७६ मध्ये त्यांतील बहुतेक रद्द झाल्या. आपापला कर गोळा करून ठरलेली रक्कम माद्रिदला देण्याची सोय तेवढी १८७८ मध्ये करारान्वये मिळाली.

खरे वळण आले १८९८ साली. अमेरिकेकडून पराभव होऊन क्यूबा, प्वेर्तो रिको आणि फिलिपीन्स हातचे गेले. परतलेल्या अधिकाऱ्यांनी पराभवाचे खापर राजकारण्यांवर फोडले. क्यूबाचा लढा स्वायत्ततेच्या मागणीतून स्वातंत्र्यापर्यंत पोचलेला त्यांनी पाहिला होता. त्यामुळे कॅटलन भाषेत शाळा चालवण्याची किंवा प्रांतिक मंडळ नेमण्याची साधी मागणीही त्यांना दुसऱ्या क्यूबाची नांदी वाटू लागली. वसाहती गमावलेल्या या लष्कराला आता शत्रू देशातच दिसू लागला होता.

कु-कुत प्रकरण : बार्सेलोनात १९०१ मध्ये स्थापन झालेल्या कॅटलन प्रादेशिक पक्षाने, म्हणजे लीगाने, १९०५ च्या नोव्हेंबरात नगरपालिका निवडणूक जिंकली आणि मोठी विजयमेजवानी दिली. ‘कु-कुत’ या विनोदी साप्ताहिकात त्यावर जुन्सेदा यांचे व्यंगचित्र आले. एक सैनिक मेजवानीच्या दारातील गर्दीबद्दल विचारतो. ती विजयाची मेजवानी आहे असे कळताच, तर मग हे लोक मुलकीच असणार, असे तो म्हणतो. पराभवाची जखम ओली असताना हा टोला अधिकाऱ्यांच्या जिव्हारी लागला. २५ नोव्हेंबरच्या रात्री सुमारे ३०० अधिकाऱ्यांनी साप्ताहिकाचा छापखाना व कचेरी फोडली, सामान जाळले आणि लीगाचे मुखपत्र ‘ला वेउ दे कातालुन्या’ याच्या कचेरीचीही तीच गत केली.

हल्लेखोरांना शिक्षा व्हायला हवी होती. घडले उलटेच. इतर शहरांतील छावण्यांनी त्यांचे अभिनंदन केले, राजा तेरावा आल्फोन्सो लष्कराच्या बाजूने झुकला, पंतप्रधान मोन्तेरो रिओस यांना पायउतार व्हावे लागले. मार्च १९०६ मध्ये नव्या सरकारने अधिकारक्षेत्रांचा कायदा करून घेतला. लष्कराचा अपमान करणाऱ्या लेखनाचे व भाषणाचे खटले यापुढे लष्करी न्यायालयात चालणार होते, म्हणजे फिर्यादीच न्यायाधीश झाला. पुढील पाव शतक हा कायदा पत्रकारांच्या मानेवर राहिला. तो रद्द झाला थेट १९३१ मध्ये.

त्याचा राजकीय परिणाम मात्र लष्कराला अपेक्षित नव्हता. राजेशाहीवादी, प्रजासत्ताकवादी, कार्लिस्ट अशा एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या कॅटलन पक्षांनी या कायद्याविरुद्ध ‘सोलिदारितात कातालाना’ ही आघाडी उभारली आणि १९०७ च्या संसदीय निवडणुकीत कॅटलोनियातील ४४ पैकी ४१ जागा जिंकल्या. जी चळवळ शहरी मध्यमवर्गापुरती होती, ती अधिकाऱ्यांनी एका रात्रीत प्रदेशभर नेऊन पोचवली. हे पुढेही घडत राहिले.

प्रिमो दे रिव्हेरा यांची राजवट : लीगाचे नेते प्रात दे ला रिबा यांच्या प्रयत्नांनी १९१४ मध्ये चार कॅटलन प्रांतांचे संयुक्त मंडळ, मान्कोमुनितात, अस्तित्वात आले होते. अधिकार तुटपुंजे असूनही त्याने रस्ते, दूरध्वनी, ग्रंथालये आणि शाळा यांचे भरीव काम केले. १३ सप्टेंबर १९२३ रोजी जनरल मिगेल प्रिमो दे रिव्हेरा यांनी सत्ता घेतली, ती बार्सेलोनातूनच. ते त्या वेळी कॅटलोनियाचे लष्करप्रमुख होते. संपांनी व गोळीबारांनी हैराण झालेल्या कॅटलन कारखानदारांनी त्यांचे स्वागत केले. मान्कोमुनितातचे अध्यक्ष, वास्तुशिल्पी पुच इ कादाफाल्क यांनाही आरंभी आशा वाटली. पाचच दिवसांत फुटीरतेविरुद्धचा हुकूम निघाला. राष्ट्रध्वजाखेरीज इतर ध्वजांवर बंदी आली, सरकारी कामातून कॅटलन भाषा हटली आणि देशाच्या ऐक्याविरुद्धचे गुन्हे लष्करी न्यायालयांकडे गेले. १९२५ मध्ये मान्कोमुनितातच बरखास्त झाली. सुव्यवस्थेसाठी लष्कराला हाक देणाऱ्या प्रादेशिक नेत्यांनी या प्रसंगात आपल्याच संस्थेचा बळी दिला, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

प्रजासत्ताक : एप्रिल १९३१ मध्ये राजेशाही गेली. कॅटलन नेते फ्रान्सेस्क मासिया यांनी बार्सेलोनात कॅटलन प्रजासत्ताकाची घोषणा केली, पण तीन दिवसांच्या वाटाघाटींनंतर ते जनरालितात या स्वायत्त शासनावर राजी झाले. संसदेत स्वायत्तता कायद्याचे घोडे १९३२ च्या उन्हाळ्यात अडले होते. पंतप्रधान मान्वेल असान्या यांच्या पाठीराख्यांतही चुळबूळ होती. तेवढ्यात १० ऑगस्ट रोजी जनरल होसे सानहुर्हो यांनी सेव्हिलमध्ये बंड केले. माद्रिदमधील साथीदारांचा त्याच दिवशी बीमोड झाला आणि सानहुर्हो पकडले गेले. हा कायदा आणि जमीनसुधारणा रोखणे हे बंडाचे मोठे कारण होते. परिणामी दोन्ही कायदे झटपट मार्गी लागले. ९ सप्टेंबर रोजी कॅटलोनियाचा कायदा ३१४ विरुद्ध २४ मतांनी संमत झाला.

याच काळातील एका सेनापतीची दखल येथे विस्ताराने घेणे आवश्यक आहे, कारण तो लष्कराची दुसरी परंपरा दाखवतो. ६ ऑक्टोबर १९३४ रोजी जनरालितातचे अध्यक्ष ल्युईस कुंपान्स यांनी संघराज्यांतर्गत कॅटलन राज्याची घोषणा केली. ही घोषणा घटनाबाह्य होती. बार्सेलोनातील सेनेचे प्रमुख जनरल दोमेनेक बातेत हे स्वतः कॅटलन. त्यांनी कुंपान्स यांचा आदेश मानला नाही, सरकारच्या हुकमानुसार लष्करी कायदा पुकारला. पण शहरावर तोफांचा भडिमार करण्याऐवजी त्यांनी मोजका बळवापर केला, वाट पाहिली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपान्स शरण आले. उजव्या गोटाला हा संयम दुबळेपणा वाटला. जुलै १९३६ मध्ये बातेत बुर्गोस येथे होते आणि तेथील त्यांच्याच हाताखालच्या अधिकाऱ्यांनी बंड केले. बातेत यांनी सामील व्हायला नकार दिला. फेब्रुवारी १९३७ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. फुटीर घोषणा मोडून काढणारा आणि लष्करी बंडालाही नकार देणारा हा अधिकारी दोन्ही प्रसंगी एकाच गोष्टीशी बांधील होता, ती म्हणजे कायदेशीर सरकार. स्पेनच्या इतिहासलेखनात त्यांना फार उशिरा न्याय मिळाला.

फ्रँको राजवट : जनरल फ्रँको आदी सेनापतींनी १९३६ मध्ये प्रजासत्ताकाविरुद्ध केलेल्या आणि यादवी युद्धात परिणत झालेल्या उठावाची कारणे अनेक होती, जमीन, धर्म, कामगार चळवळ ही त्यांत अग्रभागी. तरीही ‘तुटू पाहणारा देश वाचवणे’ हे उठावाच्या प्रचारातील प्रमुख सूत्र होते. बास्क स्वायत्ततेला १ ऑक्टोबर १९३६ रोजी, युद्ध पेटलेले असताना, संसदेची मान्यता मिळाली. २६ एप्रिल १९३७ रोजी बास्क स्वातंत्र्याचे परंपरागत प्रतीक असलेल्या गेर्निका गावावर फ्रँको यांच्या बाजूच्या जर्मन व इटालियन विमानांनी बॉम्बफेक केली. त्या जूनमध्ये बिल्बाओ हे बास्क शहर पडताच फ्रँको यांनी बिस्काया व गिपुस्कोआ या प्रांतांची करव्यवस्था शिक्षा म्हणून काढून घेतली. आलाबा व नाबारा यांनी बंडाला साथ दिली होती, म्हणून त्यांची राहू दिली. अखंडतेचा एवढा जयघोष करणाऱ्या राजवटीने एका प्रांताला बक्षीस आणि शेजारच्या प्रांताला शिक्षा दिली, हे ध्यानात ठेवावे. एप्रिल १९३८ मध्ये कॅटलोनियाचा स्वायत्तता कायदा रद्द झाला. फ्रान्समध्ये आश्रय घेतलेल्या कुंपान्स यांना जर्मनांनी पकडून स्पेनच्या हवाली केले आणि लष्करी न्यायालयाच्या निकालानंतर १५ ऑक्टोबर १९४० रोजी मोन्जुइक किल्ल्यात त्यांना ठार करण्यात आले. पुढील पस्तीस वर्षे प्रादेशिक राजकारण गुन्हा ठरले. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या ‘एटा’ या बास्क संघटनेने पुढे शस्त्र उचलले. तिच्या सदस्यांवरील १९७० चा बुर्गोस खटलाही लष्करी न्यायालयातच चालला. सहा जणांच्या फाशीच्या शिक्षा जगभरच्या निषेधानंतर सौम्य कराव्या लागल्या.

१९७८ ची राज्यघटना व १९८१ चा कट : फ्रँको यांच्या मृत्यूनंतर (१९७५) लोकशाहीकडे झालेली वाटचाल लष्कराच्या नजरेखाली झाली. घटनेच्या दुसऱ्या कलमात स्पेनचे ऐक्य अभेद्य ठरवतानाच ‘राष्ट्रीयत्वे व प्रदेश’ यांचा स्वायत्ततेचा हक्क मान्य झाला. ऐक्यासंबंधीची ठाम शब्दरचना पंतप्रधान कार्यालयाकडून आलेल्या चिठ्ठीतून तशीच स्वीकारावी लागली, असे मसुदा समितीचे सदस्य जोर्दी सोले तुरा यांनी नोंदवून ठेवले आहे. आठव्या कलमाने सेनादलांकडे सार्वभौमत्व, प्रादेशिक अखंडता आणि घटनात्मक व्यवस्था यांचे रक्षण सोपवले आणि हे कलम शासनाच्या प्रकरणात न घालता प्रास्ताविक भागात ठेवले. संरक्षणधोरणाचे व लष्करी प्रशासनाचे संचालन सरकार करील, असे ९७ वे कलम निःसंदिग्धपणे सांगते. परंतु अनेक अधिकारी आठवे कलम तेवढे वाचत राहिले.

या वर्षांत ‘एटा’ने अधिकाऱ्यांना हेरून मारण्याचा सपाटा लावला होता. एकट्या १९८० मध्ये तिने ९० हून अधिक माणसे मारली. दफनविधींच्या वेळी सरकारविरोधी घोषणा होत. या क्रौर्याने कट करणाऱ्यांच्या हाती आयते निमित्त दिले. गार्दिया सिव्हील या निमलष्करी दलाचा अधिकारी आन्तोनियो तेहेरो १९७८ मध्ये अशाच एका कटात सापडला होता. त्याला जेमतेम सात महिन्यांची कैद झाली. २३ फेब्रुवारी १९८१ रोजी संध्याकाळी तोच सुमारे २०० जवान घेऊन संसदेत घुसला. नव्या पंतप्रधानाच्या निवडीसाठी मतदान चालू होते. गोळीबार होताच सदस्य बाकांखाली गेले. उपपंतप्रधान जनरल गुतिएरेस मेयादो उठून बंडखोरांना सामोरे गेले. मावळते पंतप्रधान आदोल्फो सुआरेस आणि कम्युनिस्ट नेते सान्तियागो कारीयो आपापल्या जागी बसून राहिले. व्हॅलेन्सियात जनरल मिलान्स देल बोश यांनी रणगाडे रस्त्यावर आणले. जनरल आल्फोन्सो आर्मादा स्वतःच्या नेतृत्वाखाली सर्वपक्षीय सरकार बनवण्याच्या खटपटीत होते. मध्यरात्रीनंतर राजा हुआन कार्लोस यांनी गणवेशात दूरचित्रवाणीवरून घटनेची बाजू घेतली आणि कट फसला.

फसलेल्या कटाचीही फळे असतात. त्याच जुलैत सत्ताधारी मध्यममार्गी पक्ष आणि समाजवादी यांनी स्वायत्ततेची गती आवरणारा करार केला व त्यातून १९८२ चा सुसूत्रीकरण कायदा आला. घटना न्यायालयाने ऑगस्ट १९८३ मध्ये त्याच्या ३८ पैकी १४ कलमांना अवैध ठरवले. दुसरीकडे, लष्करी न्यायालयाने आर्मादा यांना दिलेल्या सहा वर्षांच्या शिक्षेविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८३ मध्ये ती तीस वर्षांवर नेली गेली. बंड करणाऱ्या सेनापतीला मुलकी न्यायालयाने अशी जरब बसवणे स्पेनला नवे होते. बार्सेलोनाचे माजी महापौर नार्सिस सेर्रा १९८२ ते १९९१ संरक्षणमंत्री होते. त्यांनी अधिकाऱ्यांची संख्या घटवली, लष्करी न्यायालयांचे क्षेत्र आकसले, सेनाप्रमुखांना मंत्र्याच्या हाताखाली आणले. संसदेतील एका रात्रीपेक्षा या रुक्ष, चिकाटीच्या कामाचे श्रेय मोठे आहे.

मेना प्रकरण आणि नंतर : कॅटलोनियाच्या विधिमंडळाने ३० सप्टेंबर २००५ रोजी नवा स्वायत्तता मसुदा मंजूर केला. तो माद्रिदमध्ये विचाराधीन असताना, ६ जानेवारी २००६ रोजी, सेव्हिलमधील वार्षिक लष्करी समारंभात भूदलाचे लेफ्टनंट जनरल होसे मेना आग्वादो यांनी, मसुद्याने घटनेच्या मर्यादा ओलांडल्यास आठवे कलम लागू करावे लागेल, असे बजावले. संरक्षणमंत्री होसे बोनो यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आठ दिवसांची नजरकैद दिली आणि मंत्रिमंडळाने आठवड्याभरात पदावरून दूर केले. एकाही छावणीने बंडाचा पवित्रा घेतला नाही. कु-कुतच्या वेळी सरकार गेले होते. या वेळी सेनापती गेला. संसदेने मसुदा सौम्य करून संमत केला, १८ जूनच्या सार्वमतात तो मान्य झाला आणि २८ जून २०१० च्या निकालात घटना न्यायालयाने त्यातील १४ कलमे रद्द केली. वाद राजकारणी आणि न्यायाधीश यांच्यातच राहिला. निकालाने कॅटलन जनमत दुखावले व स्वातंत्र्यवाद्यांना बळ मिळाले, ही त्याची वेगळी किंमत.

कॅटलोनियाच्या स्वातंत्र्यावरील १ ऑक्टोबर २०१७ च्या अवैध सार्वमताच्या वेळी मतदान केंद्रांवर पोलीस व गार्दिया सिव्हील यांनी लाठ्या चालवल्या, पण लष्कर रस्त्यावर आले नाही. २७ ऑक्टोबरला सिनेटच्या संमतीने १५५ वे कलम लागू करून केंद्राने कॅटलोनियाचा कारभार हाती घेतला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नऊ स्वातंत्र्यवादी नेत्यांना ९ ते १३ वर्षांच्या कैदेच्या शिक्षा दिल्या. २०२१ मध्ये सरकारने त्यांना माफी दिली आणि २०२४ मध्ये संसदेने सर्वक्षमेचा कायदा केला. दरम्यान २०२० च्या अखेरीस काही निवृत्त अधिकाऱ्यांनी राजाला पत्रे लिहून देशाचे ऐक्य धोक्यात असल्याची तक्रार केली. सेवेतील दलांनी त्यांच्यापासून अंतर राखले. आठव्या कलमाचा मजकूर १९७८ मध्ये होता तसाच आहे. त्याचा अर्थ मात्र २००५ च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने सरकारच्या अधीन ठेवला असून सेनादलांचा वापर कधी व कशासाठी करायचा, हे पंतप्रधान ठरवतात.