काळ्या रानात निळं कोर्ट : खर्च रंगावर होतो, तडा मात्र खालून येतो

रिल तुम्हीही पाहिली असेल. शेताच्या मधोमध निळ्या-हिरव्या रंगाचं चकाचक कोर्ट, बाजूला जाळी, वर एलईडी दिवे आणि मागं वाजणारं गाणं. खाली कमेंट ठरलेल्या, "भाऊ, किती खर्च आला?"

खर्चाचा आकडा मिळतो. पण पुढच्या मे महिन्यात त्याच कोर्टच्या मधून बोटभर भेग गेली, त्याची रिल कुणी टाकत नाही.

धाराशिव जिल्ह्यात आता बंगल्याच्या आवारात, शाळेच्या मागं, शेतातल्या घरापाशी असं कोर्ट करायचा विचार बरेच जण करतायत. कुणाला मुलांसाठी बास्केटबॉल हवाय, कुणाला पिकलबॉल भाड्यानं द्यायचाय. म्हणून विषय नीट समजून घेऊ. सुरुवात रंगापासून करायची नाही, मातीपासून करायची.

काळी माती असं काय करते?

जिल्ह्याचा मधला भाग बालाघाटच्या पठारावर आहे. तिथं वरचा थर पातळ आणि खाली मुरूम. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांच्या खोऱ्यात उतरलात की काळी, भारी, खोल जमीन. सोयाबीन आणि हरभऱ्याला ही काळी सोन्यासारखी. कोर्टला मात्र तीच वैरी.

कारण या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या कणांचे पापुद्रे पाणी आत ओढून घेतात आणि फुगतात. पाणी उडालं की आकसतात. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटतात, हे आपण लहानपणापासून बघतो. घराच्या भिंतींचं वजन मातीला थोडंफार दाबून धरतं. कोर्ट म्हणजे नुसती चार इंचाची चपाती. माती फुगली की ती वर उचलली जाते, बसली की खाली लोंबते. काँक्रीटला वाकायची सवय नसते, ते तडकतं.

त्यातही मधला भाग कमी हलतो आणि कडा जास्त. मधल्या मातीला काँक्रीटचं झाकण असल्यानं तिथला ओलावा फारसा बदलत नाही. कडेला पाऊसही लागतो आणि ऊनही. म्हणून बऱ्याच कोर्टांच्या पहिल्या भेगा कडेपासून चार-पाच फुटांवर, कडेला समांतर दिसतात. अशी भेग दिसली की दोष रंगवाल्याचा नाही, एवढं समजून घ्या.

रॉकेलवाली चाचणी

आपली माती किती फुगते हे मोजायची एक साधी चाचणी भारतीय मानकांतच दिलेली आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे १० ग्रॅमचे दोन भाग घ्यायचे. १०० मिलीच्या दोन मोजपात्रांत टाकायचे, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल. २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीपेक्षा किती टक्के वर आली, तो तिचा मुक्त फुगवटा. ५० टक्क्यांच्या पुढं गेला तर सावध व्हा, १०० च्या पुढं गेला तर त्या मातीवर थेट काही ओतू नका. जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी प्रयोगशाळेत ही चाचणी होते. पूर्ण कामाच्या खर्चापुढं तिची फी म्हणजे चहापाणी.

त्याआधी आणखी सोपं काम करा. जागेच्या चार कोपऱ्यांत आणि मधे खड्डे घ्या, मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. एका कोपऱ्यात दोन फुटांवर आणि दुसऱ्यात सात फुटांवर लागला, तर कोर्ट अर्धं हलणार आणि अर्धं गप्प बसणार. ते सगळ्यात वाईट. जागा बदला.

आणि जागा बदलायची असेल तर शेताचा तो मुरमाड, नापीक तुकडा बघा, ज्याला आजोबा "माळ" म्हणून नावं ठेवायचे. कोर्टसाठी तोच एक नंबर आहे.

माती काढून वाळू भरली तर?

बरेच गुत्तेदार हेच सुचवतात. इथंच फसगत होते. काळ्या मातीत खड्डा काढून त्यात वाळू किंवा नुसती खडी भरली की तो खड्डा हौद बनतो. पाणी वाळूतून सरळ खाली जातं, आजूबाजूच्या काळीमुळं बाहेर पडत नाही आणि महिनोन्‌महिने तळाच्या मातीला पाजत राहतं.

यावरचं उत्तर आपल्याच मुंबईत सापडलेलं आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीच्या फुगवट्यावर अनेक वर्षं संशोधन केलं. काळ्या मातीवर चिकटपणा असलेल्या पण न फुगणाऱ्या मातीचा जाड थर दाबून बसवला, की खालच्या मातीचा फुगवटा आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवलं. पुढं कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी ही पद्धत भारतीय मानकांत आली. आपल्याकडं अशी माती म्हणजे चांगला, किंचित चिकण अंश असलेला मुरूम.

म्हणजे कामाचा हिशोब असा. काळी तीन फुटांपर्यंत असेल तर सगळी काढा, मुरमापर्यंत जा. त्याहून खोल असेल तर निदान तीन फूट काढून मुरूम भरा. भरताना सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि रोलर. ट्रॉल्या ओतून वरून एकदाच ट्रॅक्टर फिरवला तर त्याला दबाई म्हणत नाहीत. खूपच खोल काळी असेल तर मातीत ४ ते ६ टक्के चुना मिसळून ती शांत करता येते, पण ते काम जाणकाराच्या हाताखालीच करायचं. काढलेली काळी माती वाया जात नाही, शेजारचा शेतकरी आनंदानं नेतो.

जागा किती लागते?

आपल्या भाषेत, गुंठ्यांत सांगतो. पिकलबॉलचं कोर्ट ४४ बाय २० फूट, पण पळायला जागा धरून ६० बाय ३० हवं, म्हणजे पावणेदोन गुंठ्यांच्या आत काम होतं. व्हॉलीबॉलला चारी बाजूंनी तीन मीटर सोडून साधारण साडेतीन गुंठे. पूर्ण बास्केटबॉल सहा गुंठे. टेनिसला १२० बाय ६० फूट, साडेसहा गुंठ्यांच्या वर. बॅडमिंटनच्या रेषा पिकलबॉलच्याच मापाच्या बसतात, पण आपल्याकडच्या वाऱ्यात उघड्यावर फूल टिकत नाही. वाशी-भूम पट्ट्यात पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत.

लांबी उत्तर-दक्षिण ठेवा. लोक खेळतात सकाळी आणि संध्याकाळी. पूर्व-पश्चिम केलं तर एक बाजू कायम डोळ्यांवर हात धरून खेळणार.

इथं एक गोष्ट मधेच सांगतो, कारण जिल्हा धाराशिव आहे. हा खो-खोचा जिल्हा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच, तिला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. तुमच्या पोरीला खो-खो किंवा कबड्डी खेळायची असेल तर काँक्रीट ओतूच नका. सूर मारणं, गुडघ्यावर बसून उठणं, खांबाला वळसा घालणं, हे मातीवर किंवा मॅटवर करायचं. शाळेनं "बहुउद्देशीय मैदान" म्हणून सगळ्या अंगणाचा कोबा केला की पहिला बळी खो-खोचा जातो. मातीचा एक तुकडा राखून ठेवा.

काँक्रीट : दिवाळीनंतरचं काम

डांबर की काँक्रीट? परदेशात बरीच टेनिस कोर्टं डांबरी असतात. पण पावणेदोन गुंठ्यांसाठी हॉटमिक्स आणि पेव्हर आणणं परवडत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात डांबर मऊ पडतं. खासगी जागेत काँक्रीट बरं.

वेळ महत्त्वाची. मे महिन्यात कोरड्या ठणठणीत मातीवर ओतलं तर जूनमध्ये माती फुगून उचलणार. सप्टेंबरात भिजलेल्या मातीवर ओतलं तर उन्हाळ्यात ती आकसून पोकळी होणार. दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते जानेवारी, माती मधल्या अवस्थेत असते आणि काँक्रीटलाही थंडी मानवते.

मुरमावर खडीचा दाबलेला थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, मग चार ते पाच इंच काँक्रीट, आत जाळी. प्लास्टिक कुणी वाचवायला सांगितलं तर ऐकू नका. खालचा ओलावा वर आला की रंगाला फोड येतात. जाळी काँक्रीटच्या तळाशी पडून राहिली तर घातली काय, न घातली काय. तिला खाली ठोकळे लावून वर उचलून धरावं लागतं. काँक्रीट आकसताना कुठंतरी तडकणारच, म्हणून तडकायची जागा आपण ठरवायची. एका दिवसाच्या आत, जाडीच्या पाव भागाएवढा खोल सांधा कापायचा, शक्यतो नेटच्या रेषेत किंवा खेळाच्या रेषांखाली. नेटच्या खांबांचे पाये वेगळे आणि खोल ठेवा, काँक्रीटला चिकटवू नका.

उतार एकाच बाजूला, दर १० फुटांना १ इंच. ३० फूट रुंदीला ३ इंच. मधून दोन्हीकडं उतार काढायचा नाही, खेळताना तो पायाला कळतो.

मग पाणी मारणं. बाजारात मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला १० ते १४ दिवस ओलावा लागतो. ६० बाय ३० च्या कोर्टवर आळी करून एक इंच पाणी ठेवायचं म्हटलं तर सव्वाचार हजार लिटर एकदाच लागतात, म्हणजे जवळजवळ एक छोटा टँकर, आणि उडालेलं पाणी पुन्हा भरायचं ते वेगळंच. आपल्याकडं मार्चनंतर हे पाणी कुठून आणणार? दिवाळीनंतर काम काढायचं हे दुसरं कारण. ओली गोणपाटं अंथरून वर प्लास्टिक टाकलं तर बरंच पाणी वाचतं.

रंगाआधी निदान २८ दिवस थांबायचं. आणि एक परीक्षा घ्यायची. सगळ्या कोर्टवर पाणी सोडा, तासभर उन्हात वाळू द्या. कुठं डबकं राहिलं तर त्यात रुपयाचं नाणं ठेवा. नाणं बुडालं तर तो खड्डा भरून घ्या, मगच रंग. गुत्तेदाराचे शेवटचे पैसे या परीक्षेनंतर द्या, हे आधीच कागदावर लिहून घ्या.

अॅक्रिलिकचा रंग म्हणजे घराचा ऑइलपेंट नव्हे. काँक्रीट धुऊन खरखरीत करायचं, प्रायमर, मग बारीक वाळू मिसळलेले भरणीचे थर, मग रंगाचे दोन हात, शेवटी रेषा. सगळं लांब रबरी वायपरनं ओढतात. वाळू जाड तर चेंडू संथ, बारीक तर वेगवान. ओल्या कोर्टवर पाय घसरत नाही तोही या वाळूमुळंच. ऑइलपेंट मारलेलं कोर्ट पावसात बर्फ होतं.

बांधल्यानंतर काय सांभाळायचं?

सगळ्यात मोठा धोका खेळाडूंचा नाही. ऑक्टोबरात सोयाबीन निघतं आणि घरातल्या मोठ्या माणसाला समोर दोन गुंठ्यांचं सपाट, स्वच्छ खळं दिसतं! धान्य वाळत घातल्यानं फार बिघडत नाही, पण ते घेऊन येणारा ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र चार इंचाच्या काँक्रीटसाठी नाही. लग्नाच्या मांडवाच्या खुंट्याही नकोत. हे घरात आधीच बोलून घ्या, नंतर बापलेकांत वाद नको.

बाकी काम सोपं आहे. रोज झाडू, महिन्यातून एकदा धुणं, सावलीतलं शेवाळ मऊ ब्रशनं काढणं. कोर्टभोवती पाच फुटांची मुरमाची दाबलेली पट्टी ठेवा, तिच्या पलीकडं चर काढा. पट्टीत गुलाब लावून ठिबक सोडू नका. लिंब, पिंपळ ही झाडं जितकी उंच होतात निदान तितकी लांब हवीत. मुळं काँक्रीट उचलतात हे दिसतं, पण ती एका बाजूची माती सुकवतात आणि तिकडं कोर्ट खचतं, हे उशिरा कळतं. जाळीला हिरवं कापड बांधलं असेल तर वळवाच्या आधी उतरवा. कापड शिडासारखं वारं पकडतं आणि खांब वाकवतं.

भेग पडलीच तर लगेच भरायला धावू नका. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करा, रुंदी मोजून तारीख लिहा. मे मध्ये मोजा आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजा. रुंदी तीच राहिली तर भेग काँक्रीटच्या आकसण्याची आहे. साफ करून लवचिक फिलर भरा, वरून रंग द्या, प्रश्न मिटला. ऋतूप्रमाणं उघडमीट होत असेल तर खालची माती हलतेय. तिथं रंगावर पैसे घालू नका, आधी कडेचं पाणी तोडा. एरवी चांगल्या कोर्टला चार ते आठ वर्षांनी नवा रंग लागतो.

कागदपत्रं आणि शेजारी

जमीन शेतीची असेल तर बिगरशेती वापराचा प्रश्न येतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ प्रमाणं. नियमांत अलीकडं बदल होत आहेत, त्यामुळं तहसील कार्यालयात सध्याची स्थिती विचारूनच कुदळ मारा, खासकरून भाड्यानं द्यायचं असेल तर. शेतीपंपाच्या जोडणीवरून कोर्टचे दिवे लावू नका, वीज कायद्याखाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दंडाचं बिल येतं.

पिकलबॉलचा आवाज हा वेगळाच मुद्दा. कडक बॅटवर प्लास्टिकचा चेंडू, टक-टक-टक, तासन्‌तास. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल आहे. भिंतीला भिंत लावून शेजाऱ्याची झोपायची खोली असेल तर कोर्ट तिकडं नकोच. आणि रात्री साडेनऊला दिवे बंद करायचं ठरवून टाका, म्हणजे तक्रार पोलीस ठाण्यात न जाता कुंपणावरूनच मिटेल.