‘आळशी’ वाफ्यांचा हिशेब

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे उपसागराच्या तोंडाशी अरन नावाची तीन लहान बेटे आहेत. बेटांचा बराचसा भाग म्हणजे चुनखडीचा उघडा कातळ. हिमयुगात बर्फाने त्यावरची माती खरवडून नेली. पाऊस पुष्कळ; पण पाणी कातळाच्या भेगांतून खाली निघून जाते. अशा जागी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या बटाटे पिकवले. ते कसे, हे आपण पाहू.

आधी ते कातळाचे उंचवटे फोडून जागा सपाट करीत आणि भेगा दगडांच्या कपच्यांनी बुजवीत. भेगा उघड्या राहिल्या तर वर घातलेले सारे खाली जाणार! मग किनाऱ्यावरची वाळू आणि समुद्रशेवाळ पाठीवरून आणून त्यांचे थरावर थर देत. भेगांत सापडलेली थोडीफार मातीही त्यात घालीत. शेवाळ कुजले की पिकाला सेंद्रिय द्रव्य व पालाश मिळे; वाळूमुळे निचरा होई. निघालेल्या दगडांचे गडगे रचीत. त्यांच्या फटींतून वाऱ्याचा जोर मोडून जाई, म्हणून गडगा टिके आणि हलकी माती उडत नसे. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९३४ सालच्या ‘मॅन ऑफ अरन’ या चित्रपटात हे काम पाहायला मिळते.

आयर्लंडमध्ये इतरत्रही ओल्या किंवा उथळ जमिनीवर बटाट्यासाठी गादीवाफे करीत. दोन्ही बाजूंच्या चरांतली माती मधल्या पट्ट्यावर उलटायची, ही रीत. पट्ट्याखालची जमीन खणावी लागत नाही, एवढेच पाहून की काय, इंग्रजीत त्यांना ‘लेझी बेड’, म्हणजे ‘आळशी वाफे’ म्हणू लागले.

हे नाव अरनच्या वाफ्याला लावून पाहू. वाफा १० मीटर लांब, १ मीटर रुंद आणि २० सेंटीमीटर जाड धरला, तर २ घनमीटर माल लागतो. पाटीत २० लिटर मावत असेल, तर १०० पाट्या झाल्या. शिवाय कुजताना शेवाळ आकसते, म्हणजे भर पुन्हा घालायची.

नावाचा हा प्रश्न केवळ शब्दाचा नाही. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि १८५२ पर्यंतच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली. मदतकार्याची सूत्रे हाती असलेले ब्रिटिश अर्थखात्याचे अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी १८४८ च्या आपल्या पुस्तकात, बटाट्याच्या शेतीला श्रम थोडे लागतात आणि त्यामुळे माणसे रिकामटेकडी राहतात, असा सूर लावला. जे कष्ट दिसत नाहीत, ते हिशेबात धरले जात नाहीत, आणि त्याची किंमत भुकेल्यांना मोजावी लागते.

शाळेच्या आवारात मुरमाड कोपरा असेल, तर विद्यार्थ्यांकडून तेथे एक गादीवाफा करून घ्यावा आणि पाट्या मोजायला सांगाव्यात, असे आम्ही सुचवतो. इतिहासातील एखादे विशेषण तपासायचे कसे, हे त्यातून त्यांना कळेल.